निरीक्षणबाह्य वाढ

"परत साडेसहा. याच्यापेक्षा माझी नखं जास्त वाढली या आठवड्यात."

हे वाक्य हरितगृहाच्या तिसऱ्या रांगेत, कुंडी क्रमांक एकशे बाराच्या समोर उकिडवं बसून, दातांत पेन्सिल धरून उच्चारलं गेलं. उच्चारणाऱ्या मॅडम संस्थेच्या शास्त्रज्ञ होत्या आणि त्या झाडाशी बोलत होत्या. पलीकडच्या रांगेत मावशी पाण्याची नळी गुंडाळत होत्या. त्यांना ते ऐकू आलं, पण त्यांनी ते ऐकलं नाही. बावीस वर्षं एका ठिकाणी नोकरी केली की ही विद्या माणसाच्या अंगात आपोआप मुरते, तिच्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागत नाही.

मावशी म्हणजे हरितगृहाच्या देखभाल सेविका. पाणी, खत, ऊन, सावली, किडे आणि मॅडमचा चहा, एवढी खाती त्यांच्याकडे होती.

संस्था वनस्पतींच्या संप्रेरकांवर संशोधन करणारी होती. झाडाच्या अंगात एक संप्रेरक असतं, ते झाडाला वाढायला सांगतं. ते येईपर्यंत पेशीपेशीत एक प्रथिन ब्रेकवर पाय ठेवून बसलेलं असतं. संप्रेरक आलं, की त्या प्रथिनाला खुर्चीवरून उठवलं जातं आणि झाड उंच होतं. मॅडमनी हे मावशींना एकदा चहा पिताना समजावून सांगितलं होतं.

"म्हणजे वाढवावं असं काही लागत नाही," मावशी म्हणाल्या होत्या, "अडवून बसलेला उठला की झालं."

मॅडमना हे वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते आपल्या शोधनिबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात घातलं. खाली संदर्भ म्हणून एका परदेशी शास्त्रज्ञाचं नाव दिलं, कारण संदर्भाच्या यादीत 'मावशी' बसत नव्हत्या.

तर संस्थेनं काय केलं, की हे संप्रेरक तयार करणाऱ्या जनुकाची आणखी एक प्रत झाडात घातली. हिशेब सरळ होता. संप्रेरक जास्त, ब्रेक ढिला, झाड उंच. बारा आठवड्यांत ते गुडघ्याला लागणार होतं. अशी दोनशे चाळीस झाडं दोनशे चाळीस कुंड्यांमध्ये लावली गेली, प्रत्येकीला क्रमांकाची पट्टी लागली, आणि बाराव्या आठवड्यात पाहणी समिती येणार असं पत्रही आलं.

सुरुवातीला मोजणी आठवड्यातून एकदा होती. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी झाडं अपेक्षेपेक्षा जराशी मागे दिसली. संचालकांनी तातडीची बैठक घेतली.

"झाडं वाढत नाहीत याचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उत्तर दिलं. "याचा अर्थ, आपलं लक्ष नाही."

मोजणी रोज सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात काटा साडेसहा सेंटिमीटरवर येऊन थांबला. झाडं थांबली, म्हणून मोजणी दिवसातून दोनदा झाली. दोनदा मोजायला माणसं नव्हती, म्हणून सहा मोजणी सहाय्यकांची पदं निर्माण झाली, आणि सहा जणांवर लक्ष ठेवायला एक मोजणी अधिकारी आले. त्यांना पाठीमागे सगळे सेंटिमीटर साहेब म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण ते चुकून मिलिमीटरमध्ये बोलतील अशी भीती होती.

त्या सहा जणांत एक मावशींची लेक होती.

ती शिकलेली होती, आणि शिकून तीन वर्षं घरात बसलेली होती. बसलेली म्हणजे अर्ज करत बसलेली. बावीस वर्षांत मावशींनी संस्थेकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, एकदा तुटलेला स्टूल बदलून मागितला होता तेवढाच, तोही अजून आलेला नव्हता. पण पदं निघाली त्या दिवशी त्या साडीचा पदर नीट करून संचालकांच्या खोलीत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात छापील अर्ज होता. नेमणूक तीन महिन्यांची. पुढची मुदतवाढ, पत्रात लिहिलं होतं, 'झाडांच्या समाधानकारक प्रगतीच्या अधीन राहून'. मावशींनी ते पत्र लेकीकडून दोनदा वाचून घेतलं आणि कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवलं.

मोजणीची पद्धत सेंटिमीटर साहेबांनी स्वतः लिहून काढली होती. एका सहाय्यकानं खोड अंगठा आणि तर्जनीत धरून सरळ करायचं. पानं खाली झुकलेली असल्यास हळूच वर ओढून धरायची. दुसऱ्यानं पट्टी लावून आकडा वाचायचा. मग तिसऱ्यानं, पहिल्या दोघांवर विश्वास नसल्याप्रमाणे, पुन्हा खोड धरून पुन्हा आकडा वाचायचा. पानांवर धूळ असेल तर ब्रशनं झाडायची, कारण धुळीची जाडी उंचीत धरली जाऊ नये.

पहिल्या दिवशी लेक रांगेत उभी राहिली तेव्हा मावशी नळी घेऊन तिच्या मागून गेल्या आणि न थांबता म्हणाल्या, "बोट अगदी हलकं लाव. लावल्यासारखं कर नुसतं."

"का?"

"बघून लिहिता येतं की."

लेकीनं आईकडे पाहिलं. आई पुढच्या कुंडीला पाणी घालत होती आणि तिचं तोंड पलीकडे होतं.

मावशींना काय दिसलं होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. जाण्यायेण्याच्या वाटेवर, जिथे खताची ढकलगाडी रोज झाडांना घासून जायची, तिथली झाडं सगळ्यांत बुटकी होती. कोपऱ्यातली, जिथे हात पोचायला वाकावं लागतं आणि म्हणून मोजणारे घाईघाईत आकडा अंदाजानं लिहीत, ती दोन बोटं उंच होती. हे कुणालाही दिसण्यासारखं होतं. फक्त ते बघायचं तर वहीतून मान वर काढावी लागली असती.

पाचव्या आठवड्यात सगळ्या सहाय्यकांना चार दिवस प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, पट्टी धरण्याच्या आधुनिक पद्धती. चार दिवस हरितगृहात मावशी आणि पाणी, एवढंच. पाचव्या दिवशी मंडळी परत आली, पट्ट्या आधुनिक पद्धतीनं धरल्या, आणि पहिल्याच कुंडीपाशी थांबली.

झाडं नऊ सेंटिमीटर झाली होती.

मॅडमचा चेहरा उजळला. पण सेंटिमीटर साहेबांनी पट्टी झाडाला तीनदा लावली, एकदा स्वतःच्या करंगळीला लावून खात्री केली, आणि म्हणाले, "ही वाढ कुणाच्या परवानगीनं झाली?"

"वाढ झाली हे चांगलंच आहे ना, साहेब?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मोजणी चालू असताना वाढ शून्य. मोजणी बंद असताना वाढ अडीच सेंटिमीटर. म्हणजे आम्ही नसताना इथे काहीतरी चालतं."

हे विधान शब्दशः खरं होतं. मॅडमनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या सहा जणांकडे पाहिलं आणि परत मिटलं.

मावशींना खुलासा मागणारं पत्र आलं. 'दिनांक अमुक ते तमुक या काळात आपण झाडांना काय केले?' मावशींनी लेकीकडून उत्तर लिहून घेतलं, 'काही केले नाही.' पत्रावर साहेबांनी शेरा मारला, 'समाधानकारक नाही. काही न करता झाडे वाढू शकत नाहीत.' अखेरीस तो अडीच सेंटिमीटरचा प्रश्न संचालकांनीच निकालात काढला. नोंदवहीत एक नवा रकाना आखला गेला, 'निरीक्षणबाह्य वाढ', आणि तिथे प्रत्येक झाडाचे अडीच सेंटिमीटर वेगळे काढून ठेवले; पुढच्या प्रत्येक मोजणीतूनही ते वजा करायचं ठरलं. मूळ रकान्यात झाडं पुन्हा साडेसहा झाली. पुढच्या आठवड्यांत ती तिथून तसूभर हलली नाहीत, त्यामुळे वही आणि कुंड्या यांचा मेळ राहिला नसला तरी वहीचा वहीशी मेळ उत्तम बसला.

मग सल्लागार आले.

सल्लागार ढगळ सुती कपड्यांत होते, अनवाणी होते, आणि फार दूरदूरच्या झाडांशी बोलून आलेले होते. त्यांनी रांगेतून एक फेरी मारली, एका झाडासमोर डोळे मिटले आणि निष्कर्ष सांगितला.

"यांना एकटं वाटतंय."

संचालकांनी मान डोलावली. गेल्याच महिन्यात त्यांच्या मेहुणीनं त्यांना हेच स्वतःबद्दल सांगितलं होतं, आणि तेव्हा त्यांनी लक्ष दिलं नव्हतं.

"यांना मोजलं जातंय," सल्लागार म्हणाले, "पण यांना जवळ घेतलं जात नाहीये."

झालं. दुपारच्या जेवणानंतर 'स्नेहस्पर्श' नावाचा अर्धा तास सुरू झाला. सहा सहाय्यक, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस झाडं. प्रत्येक झाडाच्या पानांवरून वरून खाली हात फिरवायचा आणि त्याला आश्वासक काहीतरी म्हणायचं. काय म्हणायचं त्याची छापील यादी होती. पहिल्या क्रमांकावर होतं, 'तू करू शकतोस.'

लेकीच्या शेजारचा एक सहाय्यक दुसऱ्या दिवशी तिच्या कानाशी कुजबुजला, "अगं, हे मला कुणी आयुष्यात म्हटलं नाही, आणि मी या पालापाचोळ्याला म्हणतोय."

"म्हण की. फुकट आहे," लेक म्हणाली.

"माझं झाड तर अजून खाली गेलंय."

"माझंही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनी पुढच्या झाडावरून हात फिरवला. 'तू करू शकतोस.'

रोज संध्याकाळी मावशी घरी आधी पोचायच्या आणि लेक मागून यायची. लेक चप्पल काढायच्या आत मावशी विचारायच्या, "काय म्हणाले साहेब? मुदतवाढीचं काही बोलले?" पहिल्या आठवड्यात लेक खुर्चीवर पाय घेऊन बसून सगळं साग्रसंगीत सांगायची. मग नुसतं, "काही नाही बोलले." मग, "नाही." आताशा ती आधी मोरीत जाऊन हात धुवायची, बराच वेळ. पानांच्या लवीनं बोटांना चिकट हिरवट थर यायचा, तो साबणाला लवकर दाद देत नसे. मावशी दारात उभ्या राहून पुन्हा विचारायच्या. पाण्याचा आवाज जरासा वाढायचा.

नवव्या आठवड्यात मॅडमना ती अकरा झाडं सापडली.

पाण्याच्या टाकीमागे, जिथे मोडकी ढकलगाडी आणि रिकामी पोती पडलेली असतात, तिथे एका मोठ्या ताटात अकरा कुंड्या होत्या. दोनशे चाळिसाव्या कुंडीला क्रमांकाच्या पट्ट्या संपल्या होत्या आणि त्याच पाकिटातलं थोडं बी उरलं होतं. मावशींना ते फेकवलं नाही. लावून ठेवलं. आठवड्यातून दोनदा ताटात पाणी ओतायचं, बाकी तिकडे फिरकायचं नाही.

मॅडम पोती बाजूला करून आत शिरल्या आणि उभ्याच राहिल्या. झाडं त्यांच्या गुडघ्याच्या वर आली होती. तीन झाडांना कळ्या होत्या.

 सवयीनं त्यांनी हात पुढे केला, आणि मग, पानापासून दोन बोटांवर, तो मागे घेतला. मावशींनी ते पाहिलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मॅडमनी विचारलं.

"काय?"

"मावशी."

मावशींनी नळीचं तोंड उगाच पुसलं. "ढकलगाडी घासते ना वाटेवर, तिथली बघितली तेव्हा. तिसरा आठवडा असेल."

मॅडम पोत्यावर बसल्या. "हात लागला, की झाडातलं एक जनुक जागं होतं. ते वाढीचं संप्रेरक मोडणारं विकर तयार करतं. वाऱ्यात, गुरांच्या वाटेत, जिथे सारखा धक्का लागतो तिथे उंच झालं तर मोडेल, म्हणून झाड खालीच राहतं. शहाणपणच आहे त्याचं." त्या जराशा हसल्या. "आपण एका जनुकानं संप्रेरक ओततोय आणि हात लावून दुसऱ्याकडून सांडून घेतोय. सहा पगारी हात. वर प्रेमानं."

"मग सांगा की साहेबांना."

"सांगितलं तर मोजणी बंद होईल. मोजणी बंद झाली तर त्या सहा जणांचं काम बंद. आतापर्यंतचे सगळे आकडे बाद, म्हणजे माझा निबंध बाद. संचालकांनी तर परिषदेत जाऊन सांगितलंय, की रोजच्या काटेकोर मोजणीमुळे आमची संस्था वेगळी आहे." त्यांनी मावशींकडे पाहिलं. "तुम्ही का नाही सांगितलंत?"

 रांगांच्या पलीकडून लेकीचा आवाज येत होता, 'एकशे सात, साडेसहा. एकशे आठ, सहा पूर्णांक चार.'

"बरं," मॅडम म्हणाल्या, आणि पोती पूर्वीसारखी लावून ठेवली.

पण ज्या संस्थेत एखादी गोष्ट दोघांना माहीत होते, तिथे ती तिसऱ्याला दिसायला वेळ लागत नाही. तीन दिवसांनी सेंटिमीटर साहेब टाकीमागे गेले. कशाला गेले ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या हातात पेटवलेली सिगारेट होती, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. बाहेर आले ते ओरडतच.

"इथे बेवारस झाडं आहेत."

संचालक आले. अकरा झाडांकडे त्यांनी एका नजरेत पाहिलं. क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांच्या चेहऱ्यावर विद्यार्थीदशेत एकदा असलेलं काहीतरी येऊन गेलं. मग त्यांनी विचारलं, "यांची नोंद आहे?"

"नाही, साहेब," सेंटिमीटर साहेब म्हणाले. "एकही दिवस मोजणी झालेली नाही."

"मग ही इतकी उंच आहेत हे आपल्याला कसं कळलं?"

"दिसतात, साहेब."

"दिसणं म्हणजे मोजमाप नव्हे."

झाडं उपटून टाकावीत असा एक प्रस्ताव आला, पण तो कठोर वाटला. संचालक माणुसकीचे होते. त्यांनी झाडांना नियमित करून घ्यायचं ठरवलं. पट्ट्या लागल्या, दोनशे एक्केचाळीस ते दोनशे एक्कावन्न. आता अडचण एवढीच होती, की मोजणी सहाय्यक रुजू झाल्यापासून त्रेचाळीस दिवस झाले होते, आणि दररोज दोन याप्रमाणे प्रत्येक झाडाच्या शहाऐंशी मोजण्या थकल्या होत्या. त्या भरून काढल्याशिवाय वही पूर्ण होणार नव्हती, आणि समिती तर तीन आठवड्यांवर आली होती.

लेकीच्या गटाला हुकूम मिळाला. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत, अकरा झाडं, प्रत्येकी शहाऐंशी वेळा.

"पण साहेब," लेकीनं विचारलं, "मागच्या तारखेला आजची उंची कशी लिहायची?"

"उंची आजची. तारीख त्या दिवसाची. त्यात काय कठीण आहे?"

त्यांनी ते केलं. झाडं नियमानुसार धरली, सरळ केली, ओढली, सोडली. दुपारी तीनच्या सुमारास दोनशे अठ्ठेचाळीस क्रमांकाचं झाड मधोमध मोडलं. त्याची उरलेली सत्तावीस मोजमापं, साहेबांच्या सूचनेवरून, खोडाचे दोन तुकडे वेगवेगळे मोजून आणि बेरीज करून घेतली गेली. संध्याकाळी वहीत दिसत होतं, की ही झाडं पहिल्या दिवशी बावन्न सेंटिमीटर होती आणि त्रेचाळिसाव्या दिवशीही बावन्नच होती. संचालकांनी त्याचा आलेख काढून घेतला. रेघ अगदी सपाट आली. बिननोंदीची झाडंही वाढत नाहीत, हे एकदाचं सिद्ध झालं.

त्या संध्याकाळी मावशींनी घरी काही विचारलं नाही. लेकीनं हात धुतले, येऊन आईच्या शेजारी बसली, आणि बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

"ती तू लावली होतीस ना?" तिनं विचारलं.

"कळ्या होत्या त्याला," मावशी म्हणाल्या.

"माझ्या हातात मोडलं."

"झाडच आहे ते. जेवून घे."

"आई, एक विचारू?"

"मुदतवाढ होऊ दे," मावशी घाईनं म्हणाल्या. "मग काय ते विचार."

पाहणी समिती बाराव्या आठवड्यात, ठरल्या दिवशी, ठरल्यापेक्षा दोन तास उशिरा आली. समितीत तीन सदस्य आणि एक अध्यक्ष होते. शिवाय पारदर्शकतेच्या नव्या धोरणानुसार बारा सामान्य नागरिकांना निरीक्षक म्हणून बोलावलं होतं. त्यांना सगळ्या प्रकरणाची फाईल आधीच वाचायला दिली होती. सभागृहात शेवटच्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्च्या आणि बिस्किटं होती. त्यांना मत द्यायचं नव्हतं, प्रश्न विचारायचे नव्हते, फक्त काय चाललंय ते बघायचं होतं. ते काम त्यांनी मन लावून केलं. संचालकांनी सपाट रेघेचा आलेख दाखवला तेव्हा त्यांच्यात दबकी खसखस पिकली. दोनशे अठ्ठेचाळीस क्रमांकाच्या बेरजेला तर एकानं तोंडावर हात ठेवला.

"थोडक्यात," अध्यक्ष म्हणाले, "मोजणी उत्कृष्ट आहे आणि झाडं बुटकी आहेत. मग दोष कुठे आहे? कुठेतरी तो दाखवावा लागेल."

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. मॅडमनी आपल्या निबंधाची प्रत उलटी करून ठेवली. संचालकांनी घसा खाकरला आणि सेंटिमीटर साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. तो तयारच होता.

दोष देखभालीत होता, असं संचालकांनी समितीला सांगितलं. पाणी घालण्याच्या वेळा पाळल्या गेल्या नसाव्यात असं मानायला वाव होता. संबंधित सेविकेनं ते मान्य केल्यास तिला दोन वर्षं आधी, सन्मानानं, निवृत्त करण्यात येईल. मोजणी विभागावर ठपका राहणार नाही, आणि सहा सहाय्यकांना आणखी एक वर्ष मुदतवाढ मिळेल.

मावशी भिंतीला लागून उभ्या होत्या. त्यांना टेबलापाशी बोलावलं. कागद वाचून दाखवायची कुणाला गरज वाटली नाही, आणि मावशींनीही वाचून दाखवा म्हटलं नाही. त्यांना त्यातला एकच शब्द हवा होता, आणि तो शेवटच्या ओळीत आहे याची त्यांनी बोट ठेवून खात्री करून घेतली. "हीच ना मुदतवाढ?" साहेब म्हणाले, "हीच." बावीस वर्षं ज्या हातानं मोजून पाणी घातलं, पावसाळा असो की कडक ऊन, एक दिवस चुकवला नाही, त्या हातात त्यांनी पेन घेतलं.

"सही नको करूस, आई."

संस्थेत सगळे त्यांना मावशीच म्हणत. गेले दोन महिने लेकही तेच म्हणत होती. त्यामुळे सभागृहातल्या निम्म्या लोकांना आपण काय ऐकलं ते कळायला क्षणभर वेळ लागला.

लेक सहाय्यकांच्या रांगेतून पुढे आली होती. तिचा आवाज मोठा नव्हता. रोज आकडे सांगायची त्याच आवाजात ती बोलत होती.

"पाणी बरोबर होतं. मॅडमनी झाडात घातलं तेही बरोबर होतं. आम्ही हात लावतो म्हणून ती वाढत नाहीत. रोज, आठ-आठ वेळा. हात काढला, की वाढतात."

 मावशींचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका पसरत होता.

"तू बस," मावशी हळूच म्हणाल्या. "काम जाईल तुझं."

"जाऊ दे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. इथे कुणी कुणाला काही सांगत नाही. मॅडमना माहीत आहे. संचालक साहेबांना टाकीमागे उभं राहिल्यावर कळलं, मी बघत होते. मोजणी साहेबांच्या स्वतःच्या टेबलावर एक कुंडी आहे, तिच्यावर त्यांनी चिठ्ठी लावलीय, हात लावू नये, आणि ती खिडकीच्या वर गेलीय. आईला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ती माझ्यासाठी गप्प बसली, आणि मी तिच्यासाठी."

मग ती वळली. शेवटच्या रांगेत एकाच्या हातात अर्धं बिस्किट होतं, आणि मघाचं हसू अजून ओठांवरून पुरतं उतरलेलं नव्हतं.

"आणि तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही तर सगळं वाचलंय. तुम्हाला आमच्याही आधी कळलं असेल. तरी इथपर्यंत मजा बघत बसलात."